रद्द झालेली यात्रा सोसते, अधांतरी यात्रा सोसत नाही

एप्रिल उजाडला की चोपडा तालुक्यात दोन हिशेब सुरू होतात, एक केळीचा आणि दुसरा यात्रेचा. अमरनाथ, चारधाम, वैष्णोदेवी, काशी-अयोध्या अशा सहलींची पत्रके हातोहात फिरतात, चाळीस-पन्नास जणांचे गट जमतात, आगाऊ रकमा भरल्या जातात. चोपड्याला रेल्वे नाही. त्यामुळे अमळनेर, जळगाव की भुसावळ गाठायचे, इथपासून आखणी करावी लागते. घरातले लग्न, शेतीची कामे, नातवंडांच्या सुट्ट्या सांभाळून एकदाची तारीख निघते. आणि मग दूर कुठेतरी दरड कोसळते, पाऊस होतो किंवा गोळीबार होतो. त्या दिवसापासून ओट्यावर, दवाखान्यात, भाजीबाजारात एकच प्रश्न ऐकू येतो, ‘जाणं व्हई का नही?’

हा प्रश्न वरवर प्रवासाचा वाटतो. प्रत्यक्षात तो आरोग्याचाही आहे, आणि त्याकडे त्या नजरेने फारसे कोणी पाहत नाही.

२०२५ सालची अमरनाथ यात्रा हे याचे चांगले उदाहरण आहे. एप्रिलच्या मध्यास नोंदणी सुरू झाली. आठवडाभरातच, २२ एप्रिलला, पहलगामजवळच्या बैसरनमध्ये दहशतवादी हल्ला झाला आणि २६ जणांचा जीव गेला. अमरनाथच्या दोन मार्गांपैकी एक पहलगामहूनच जातो. पाठोपाठ मे महिन्यात भारत-पाकिस्तान संघर्ष झाला आणि देशाच्या उत्तर व पश्चिम भागातील ३२ विमानतळ काही दिवस प्रवासी वाहतुकीला बंद राहिले. यात्रा होणार नाही, असे बहुतेकांनी धरले. ती झाली. ३ जुलैला ठरल्याप्रमाणे सुरू झाली. ९ ऑगस्टपर्यंत ती चालायची होती. पण जुलैअखेरच्या जोरदार पावसाने वाटा धोकादायक झाल्या आणि ३ ऑगस्टपासून यात्रा थांबवण्यात आली. तोवर चार लाखांहून अधिक भाविकांचे दर्शन झाले होते.

म्हणजे एप्रिलमध्ये घाबरून ज्याने नाव काढून घेतले, त्याने जुलैत शेजाऱ्यांना जाऊन येताना पाहिले. आणि ‘आता सगळे सुरळीत आहे’ म्हणून ज्याने ऑगस्टचा पहिला आठवडा निवडला, त्याची यात्रा ऐन वेळी हुकली. दोघांचेही चुकले असे म्हणता येत नाही. पुढे काय होणार हे त्या दिवशी कोणालाच माहीत नव्हते.

हल्ला झाल्यापासून यात्रा सुरू होईपर्यंत ७२ दिवस गेले. नोंदणी केलेल्या घरांत हे ७२ दिवस कसे गेले असतील, याची कल्पना करणे अवघड नाही. समजा, चोपड्यातले एक निवृत्त गुरुजी आहेत, वय सहासष्ट. पत्नी एकसष्ट वर्षांच्या, त्यांना रक्तदाब आणि मधुमेह. पैसे भरलेले, गरम कपडे घेतलेले. हल्ल्याच्या रात्रीपासून टीव्ही बंद होत नाही. मोबाइलवर गटातले संदेश पहाटेपर्यंत येत राहतात. मुलगा पुण्याहून सांगतो, ‘नाना, रद्द करा.’ सहलीवाला म्हणतो, ‘काही होत नाही, चला.’ रोज पहाटे सुरू केलेले चालणे ‘आता जायचेच नक्की नाही तर कशाला’ म्हणून थांबते. झोप तुटते. जेवणाच्या वेळा चुकतात, त्याबरोबर गोळ्यांच्याही चुकतात. जूनमध्ये तपासणीला आल्यावर बाईंची साखर वाढलेली, रक्तदाब चढलेला. डॉक्टरांनी विचारले तर उत्तर येते, ‘काही नाही हो, यात्रेचं टेन्शन.’

असे रुग्ण केवळ काश्मीरच्या वेळी येतात असे नाही. रेल्वेच्या प्रतीक्षा यादीतले तिकीट, मुलाकडे परदेशी जायचा व्हिसा, मुंबईहून सुटणाऱ्या क्रूझचे आरक्षण, चारधामच्या वाटेवरचा पाऊस, यांपैकी कोणतेही कारण पुरते.

मेंदूला ‘कदाचित’ का झेपत नाही

वाईट बातमीपेक्षा वाईट बातमीची शक्यता जास्त छळते, हा अनुभव जुनाच आहे. तो प्रयोगाने तपासण्याचे काम लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी केले. त्यांचा अभ्यास २०१६ मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ४५ स्वयंसेवकांना संगणकावर एक खेळ दिला होता. पडद्यावरच्या दगडाखाली साप आहे की नाही, हे ओळखायचे. साप निघाला तर हाताला विजेचा वेदनादायक पण निरुपद्रवी झटका बसायचा. साप निघण्याची शक्यता मधूनमधून बदलत होती. डोळ्यांच्या बाहुल्या किती मोठ्या होतात, हाताला किती घाम येतो आणि माणूस स्वतः किती ताण सांगतो, हे मोजले गेले. झटका बसणारच हे ठाऊक असताना ताण कमी होता. बसेल की नाही याची शक्यता अर्धी-अर्धी असताना तो सर्वांत जास्त होता.

यात शरीराचा काही बिघाड नाही. धोका आहे की नाही हे कळत नाही, तोवर सावध राहायचे, अशीच मेंदूची घडण आहे. धोक्याची शंका येताच मेंदू मूत्रपिंडांवरच्या अॅड्रिनल ग्रंथींना इशारा देतो. अॅड्रिनालिन वाढते, नाडी जलद होते, रक्तदाब चढतो. पाठोपाठ कॉर्टिसॉल वाढते आणि यकृत रक्तात जास्त साखर सोडते. शेतात साप दिसला तर ही व्यवस्था जीव वाचवते, आणि साप निघून गेला की ती शांतही होते. पण अधांतरी यात्रेत साप दिसतही नाही आणि जातही नाही. इशारा आठवडेच्या आठवडे वाजत राहतो. तरुण, निरोगी माणसाला त्याचा त्रास चिडचिड आणि अपुऱ्या झोपेपुरता राहतो. ज्यांना आधीच रक्तदाब, मधुमेह किंवा हृदयविकार आहे, त्यांच्या तपासणीच्या आकड्यांत तो दिसू लागतो.

याच प्रयोगात आणखी एक गोष्ट आढळली. ज्यांचा ताण शक्यतेच्या चढउताराबरोबर नेमका बदलत होता, त्यांनी साप कुठे आहे याचे अंदाजही अधिक चांगले केले. म्हणजे अनिश्चिततेचा ताण निरुपयोगी नाही. तो माणसाला लक्ष द्यायला आणि शिकायला लावतो. अडचण तेव्हा होते, जेव्हा शिकण्यासारखे नवीन काहीच नसते. यात्रा सुरू ठेवायची की नाही, हा निर्णय श्रीनगरमध्ये होतो. चोपड्यात बसून दिवसातून चाळीस वेळा मोबाइल पाहिल्याने त्यात काडीचा फरक पडत नाही. प्रत्येक वेळी पाहिल्यावर क्षणभर बरे वाटते आणि दहा मिनिटांत हात पुन्हा खिशाकडे जातो. खाजवल्याने खाज थोडा वेळ थांबते आणि मग वाढते, तसेच हे आहे.

म्हणून ‘चिंता करू नका’ हा सल्ला द्यायला सोपा असला तरी फारसा उपयोगाचा नाही. कॅलिफोर्नियात वकिलीची परीक्षा दिलेल्यांना निकालासाठी सुमारे चार महिने थांबावे लागत असे. मानसशास्त्रज्ञ केट स्वीनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा २३० जणांचा अभ्यास केला. मन दुसरीकडे वळवणे, चिंता दाबून ठेवणे, ‘होईल सगळे चांगले’ असे स्वतःला सांगणे, यांपैकी बहुतेक उपायांनी वाट पाहणे सुसह्य झाले नाही. उलट जे थोडे अस्वस्थ होते आणि वाईट निकालाची मनाने तयारी करत होते, त्यांनी नापास झाल्याची बातमी अधिक चांगली पचवली. काळजी वाटणे हा आजार नाही. काळजीला काम न देणे ही खरी चूक आहे.

भरलेल्या पैशांचा आजार

अनिश्चिततेचा सर्वांत धोकादायक परिणाम रक्तदाबाच्या आकड्यावर दिसत नाही, तो निर्णयात दिसतो. अनेक आठवडे लटकत राहिलेल्या माणसाला शेवटी काहीही करून सुटका हवी असते. मग काही जण विचार न करता रद्द करून टाकतात. पण त्याहून जास्त लोक विचार न करता निघतात, कारण पैसे भरलेले असतात.

हॅल आर्क्स आणि कॅथरिन ब्लूमर या संशोधकांनी १९८५ मध्ये एक साधा प्रश्न विचारला होता. समजा, तुम्ही दोन सहलींचे पैसे भरले, एक शंभर डॉलरची आणि एक पन्नास डॉलरची. पन्नासवाली सहल तुम्हाला जास्त आवडेल असे वाटते. नंतर लक्षात आले की दोन्ही एकाच दिवशी आहेत आणि पैसे परत मिळणार नाहीत. कुठे जाल? निम्म्याहून अधिक लोकांनी महागडी, पण कमी आवडीची सहल निवडली. गेलेले पैसे दोन्हीकडे सारखेच गेलेले होते. तरी जास्त पैसे गेले तिकडेच पाय वळले.

मौजेच्या सहलीत या चुकीची किंमत एका कंटाळवाण्या सुट्टीइतकी असते. उंचावरच्या यात्रेत ती जिवाची असू शकते. अमरनाथची गुहा ३,८८८ मीटर उंचीवर आहे, केदारनाथ ३,५८३ मीटरवर. तापीकाठच्या माणसाला घरी मिळतो, त्याच्या दोन-तृतीयांशाहूनही काहीसा कमी प्राणवायू अमरनाथला प्रत्येक श्वासात मिळतो. साधारण अडीच हजार मीटरच्या वर कोणालाही डोकेदुखी, मळमळ, धाप असा उंचीचा त्रास होऊ शकतो. क्वचित फुफ्फुसात किंवा मेंदूत पाणी साचते आणि काही तासांत परिस्थिती हाताबाहेर जाते. म्हणून अमरनाथसाठी आरोग्य प्रमाणपत्र सक्तीचे आहे आणि २०२५ मध्ये १३ ते ७० ही वयोमर्यादा होती. यात्रेआधी किमान महिनाभर रोज चार-पाच किलोमीटर चालण्याचा सराव करावा, असे श्राइन बोर्ड सांगते.

आता वरच्या गुरुजींच्या घरी परत येऊ. यात्रा होणार की नाही या घोळात चालणे दोन महिने बंद पडले. औषधे अनियमित झाली. जूनच्या शेवटी ‘यात्रा होणार’ असे पक्के कळते आणि दहा दिवसांत निघायचे असते. ज्या शरीराने एप्रिलमध्ये ही चढण कदाचित पेलली असती, ते जुलैत पेलेलच असे नाही. पण आता ‘इतके दिवस वाट पाहिली, पैसे भरलेत, बाबांनी बोलावलंय’ या तीन वाक्यांपुढे डॉक्टरांचे एक वाक्य टिकत नाही. प्रमाणपत्रासाठी ओळखी शोधल्या जातात. हल्ला किंवा दरड या दोन्हींइतकाच हा धोका खरा आहे, फक्त त्याची बातमी होत नाही.

केळीवाल्याचे शहाणपण

अनिश्चिततेशी कसे वागावे हे शिकायला खानदेशच्या माणसाला लांब जायची गरज नाही. मे-जूनच्या वादळात अर्ध्या तासात उभी बाग आडवी होते, हे चोपडा, यावल, रावेरच्या केळी उत्पादकाला चांगले ठाऊक असते. तो काय करतो? दिवसभर आभाळाकडे पाहत बसत नाही. बागेभोवती वारा अडवायला शेवरी लावतो, घड जड झाला की झाडाला आधार देतो, फळपीक विम्याचा हप्ता मुदतीत भरतो. वादळ येणार की नाही हे त्याच्या हातात नाही. आल्यावर किती नुकसान होईल, यातला काही भाग त्याच्या हातात असतो, आणि तेवढ्यावरच तो मेहनत घेतो.

यात्रेलाही हाच न्याय लावता येतो. पहिले काम म्हणजे निर्णयाची तारीख ठरवणे. ‘बघू पुढे काय होते’ याला शेवट नसतो. त्याऐवजी घरात बसून ठरवावे: अमुक तारखेला, अमुक अधिकृत माहितीवरून निर्णय घ्यायचा. पैसे परत मिळण्याची शेवटची मुदत ज्या दिवशी संपते, त्याच्या दोन-चार दिवस आधीची तारीख सोयीची. त्या तारखेपर्यंत ‘जायचे की नाही’ हा विषय जेवताना काढायचा नाही. तारीख ठरली की मनाला थांबायला जागा मिळते.

दुसरे काम, दोन्ही बाजूंची उत्तरे आधीच लिहून ठेवणे. ‘यात्रा रद्द झाली तर त्या आठवड्यात उनपदेवला जाऊ, नातवंडांना बोलावू.’ ‘सुरू झाली पण पाऊस वाढला तर दोन दिवस थांबू, तिसऱ्या दिवशी परत फिरू.’ ‘चढताना धाप किंवा डोकेदुखी वाढली तर दर्शन न घेता खाली उतरू.’ शेवटचे वाक्य सर्वांत महत्त्वाचे, कारण ते गुहेच्या वाटेवर सुचत नाही. सुचले तरी सोबतचे बोलू देत नाहीत. घरी शांतपणे लिहिलेले आणि सोबत्यांना सांगून ठेवलेले वाक्य तिथे उपयोगी पडते.

तिसरे, बातमीला वेळ ठरवून देणे. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा, तेही श्राइन बोर्ड, प्रशासन किंवा हवामान खात्याकडून आलेली माहिती. गटातले पुढे ढकललेले संदेश वाचायचे नाहीत. झोपण्याआधी तास-दीड तास तर काहीच पाहायचे नाही.

चौथे, पैशांची मर्यादा आधी ठरवणे. ‘रद्द झाली तर किती रक्कम गेली तरी चालेल?’ याचे उत्तर पैसे भरण्याआधी द्यावे. तेवढी रक्कम मनातून गेलेलीच धरली की ती पुढे पाय ओढत नाही. सहलीवाल्याकडून परताव्याच्या अटी लेखी घ्याव्यात. विमान कंपनीने उड्डाण रद्द केले तर पर्यायी विमान किंवा पूर्ण परतावा मागण्याचा प्रवाशाला हक्क आहे. रेल्वेने गाडी रद्द केली तर पूर्ण भाडे परत मिळते. क्रूझच्या करारात मात्र हवामानामुळे मार्ग बदलण्याचा किंवा एखादे बंदर वगळण्याचा अधिकार कंपनीने सहसा स्वतःकडे ठेवलेला असतो. ते बारीक अक्षर आधी वाचावे. प्रवास विमा काढायचा तर लवकर काढावा, कारण संकट जगजाहीर झाल्यावर काढलेला विमा त्या संकटासाठी सहसा कामी येत नाही. परतावा अडला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करता येते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ग्राहक जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगातही जाता येते, त्यासाठी दिल्ली-मुंबई गाठावी लागत नाही.

पाचवे आणि आरोग्याच्या दृष्टीने सर्वांत मोलाचे, तयारी थांबवायची नाही. यात्रा अधांतरी असली तरी पहाटेचे चालणे, वेळेवर गोळ्या, मीठ-साखरेवर ताबा, हे सर्व यात्रा होणारच आहे असे धरून चालू ठेवावे. चोपड्याच्या मे महिन्यात सूर्य वर आला की चालणे शक्य नसते. त्यामुळे ऊन चढण्याआधीच घराबाहेर पडावे. निघायचे ठरले तर औषधे सहलीच्या दिवसांपेक्षा किमान आठवडाभर जास्त घ्यावीत आणि दोन पिशव्यांत विभागावीत. अनिश्चितता जाण्याची असते तशी परतण्याचीही असते, आणि रस्ता बंद पडल्यावर डोंगरात नेहमीची गोळी मिळेलच असे नाही. इन्सुलिन गोठू देऊ नये. एकदा गोठलेले इन्सुलिन पुन्हा वितळले तरी वापरण्याजोगे राहत नाही.

या सगळ्यानंतरही दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप लागत नसेल, भूक गेली असेल, सतत धडधड होत असेल, तर डॉक्टरांना दाखवावे. ‘टेलिमानस’च्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर मराठीतही समुपदेशन मिळते आणि ते मोफत आहे. छातीत दुखणे, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, घाम आणि धाप ही लक्षणे मात्र टेन्शनवर ढकलू नयेत. आधी ईसीजी काढावा, टेन्शनचा विचार त्यानंतर.

‘बघू’ म्हणणाऱ्यांची जबाबदारी

आतापर्यंतचा सल्ला प्रवाशाला झाला. पण अधांतरी अवस्था प्रवासी एकटा निर्माण करत नाही. ज्यांच्या हाती माहिती असते, त्यांनी ती वेळेवर आणि स्पष्ट दिली तर बराच त्रास मुळातच टळतो.

रेल्वेचे उदाहरण घ्या. आरक्षणाचा तक्ता पूर्वी गाडी सुटण्याच्या चार तास आधी लागत असे. २०२५ च्या जुलैपासून तो आठ तास आधी लावण्याची सुरुवात झाली. या बदलाने डब्यात एकही आसन वाढले नाही. ज्यांचे तिकीट कन्फर्म होणार नव्हते, त्यांचे झालेही नाही. पण चोपड्याहून जळगाव किंवा भुसावळ गाठायला निघण्याआधी माणसाला उत्तर मिळू लागले. अनिश्चितता कमी करणे म्हणजे दर वेळी चांगली बातमी देणे नव्हे. वाईट बातमी लवकर देणे हीसुद्धा सेवाच आहे.

२०२० च्या आषाढीलाही हे दिसले. करोनामुळे पायी वारी होणार नाही, हा निर्णय मे महिन्यातच झाला. मुक्ताईनगरहून निघणारी संत मुक्ताबाईंची पालखी म्हणजे खानदेशची मानाची वारी. त्या वर्षी मुक्ताबाईंच्या पादुका मोजक्या वारकऱ्यांसह एसटीने पंढरपूरला गेल्या. वारकऱ्यांसाठी ही लहान गोष्ट नव्हती. तरी निर्णय वेळेवर झाल्याने कोणी सामान बांधून रस्त्यावर वाट पाहत बसला नाही. घरोघरी एकादशी झाली.

सहल आयोजकांना याचे अनुकरण करणे अवघड नाही. ‘काही होत नाही, चला’ असे सांगण्याऐवजी ‘अमुक तारखेला आम्ही निर्णय कळवू, रद्द झाल्यास इतके पैसे इतक्या दिवसांत परत देऊ’ असे पत्रकावरच छापावे. व्यवसायाचे त्यात नुकसान नाही. पुढच्या वर्षी लोक त्याच आयोजकाकडे येतात.

यात डॉक्टरही सुटत नाहीत. ‘गुडघे दुखतात, साखर वाढलेली आहे, तर जाऊ का?’ असे विचारणाऱ्याला अनेकदा उत्तर मिळते, ‘बघू, जाताना एकदा दाखवा.’ गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात हे वाक्य सोपे असते. पण हे वाक्य ऐकून रुग्ण दोन महिने आणखी एक प्रश्न उराशी घेऊन फिरतो. जो डॉक्टर पहिल्याच दिवशी सांगतो की ‘तीन महिन्यांची सरासरी साखर अमुक आकड्याखाली आली आणि तुम्ही न थांबता चार किलोमीटर चालू शकलात तर जा, नाहीतर यंदा नको,’ तो रुग्णाला उत्तर देतोच, शिवाय ते उत्तर बदलण्याचा मार्गही देतो. आणि जिथे ‘नाही’ म्हणायचे तिथे स्पष्ट ‘नाही’ म्हणावे. ओळखीपोटी सही केलेले आरोग्य प्रमाणपत्र हे उपकार नसून, ऐन चढणीवर फसवणारा कागद आहे. नकार ऐकून रुग्ण नाराज होतो, पण अनेकदा त्याच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखेही दिसते. त्याला स्वतःलाही भीती वाटत होती. फक्त ‘नको’ म्हणण्याची जबाबदारी कोणीतरी घ्यायला हवी होती.

घरच्यांनीही एवढे लक्षात ठेवावे. आई-वडिलांना ‘आता वय झालं, कशाला जाता’ असे सरसकट सांगू नये. नेदरलँड्समधील एका अभ्यासात, २०१० मध्ये, असे दिसले की सहलीला जाणारे लोक इतरांपेक्षा जास्त आनंदी असतात ते सहलीच्या आधी. परत आल्यावर बहुतेकांचा आनंद इतरांइतकाच होतो. म्हणजे यात्रेचा मोठा वाटा निघण्याआधीच्या दिवसांत असतो. स्वेटर शोधणे, नकाशा पाहणे, शेजारणीशी फराळाचे बेत करणे यांत तो असतो. यात्रा पुढे रद्द झाली तरी हे दिवस कोणी परत घेऊ शकत नाही. पण अधांतरी चिंता ते दिवस नासवू शकते. म्हणून म्हाताऱ्या माणसांची तयारी थांबवण्यापेक्षा त्यांच्याबरोबर पहाटे चालायला जाणे अधिक शहाणपणाचे.

पुढच्या एप्रिलमध्येही कुठेतरी पाऊस पडेल, कुठेतरी रस्ता खचेल आणि चोपड्याच्या ओट्यांवर तोच प्रश्न निघेल. उत्तर तेव्हाही लगेच मिळणार नाही. मात्र ज्या घरात निर्णयाची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिलेली असेल, गोळ्यांचा डबा वेळेवर रिकामा होत असेल आणि पहाटे दोन जोडी बूट दाराबाहेर निघत असतील, तिथे यात्रा झाली तर माणसे धडधाकट जातील. नाही झाली, तर दोन महिन्यांच्या चालण्याने खाली आलेली साखर घरातच राहील.